डोळ्यांवाटे पडणारा उतार

ज्याचे कपाळ अर्धशिशीने उठते त्याला उजेडाचे वैर म्हणजे काय, हे निराळे समजावून द्यावे लागत नाही. दारे-खिडक्या लोटून, उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून, कपाळावर सुंठीचा लेप घेऊन अंधारात निपचित पडलेले माणूस आपल्यापैकी बहुतेकांनी कोणत्या ना कोणत्या घरात पाहिलेले असते. आणि दाराच्या फटीतून आत आलेली एक तिरीपसुद्धा त्या माणसाच्या मस्तकात किती खोल रुतते, हे त्याच्या मिटलेल्या पापण्यांवरून ओळखताही आलेले असते. अशा माणसापाशी जाऊन ‘तुझ्या दुखण्याला उजेडानेच उतार पडेल’ असे कोणी म्हटले, तर ते त्याला निव्वळ क्रौर्य वाटेल. तथापि अलीकडच्या वेदनासंशोधनाने पुढे मांडलेल्या अनपेक्षित गोष्टींत नेमकी ही एक आहे. अट एवढीच, की तो उजेड हिरवा असावा.

रंगीत प्रकाशाने रोग हटविण्याची कल्पना जुनी आहे आणि तिचे पूर्वचरित्र निष्कलंक नाही. १८७६ च्या सुमारास फिलाडेल्फियाच्या जनरल प्लेझंटन यांनी निळ्या काचेची महती गायिली आणि अमेरिकेत घरोघरी निळी तावदाने बसू लागली. पुढे १८७३ साली मुंबईत जन्मलेले दिनशा घडियाली हे पारशी गृहस्थ १९११ मध्ये तिकडे गेले व त्यांनी ‘स्पेक्ट्रोक्रोम’ नावाचे यंत्र प्रचारात आणले : एका पेटीत प्रखर दिवा, त्याच्यापुढे सरकविण्याच्या रंगीत काचा, आणि जवळजवळ प्रत्येक व्याधीवर कोणता रंग किती वेळ घ्यावा याचे कोष्टक. मधुमेहाचे रोगी इन्सुलिन सोडून या पेटीपुढे बसले आणि दगावले, अशी शहादत न्यायालयात रुजू झाली. १९४७ मध्ये घडियाली दोषी ठरले व त्यांचे वाङ्मय नष्ट करण्याचा हुकूम झाला. त्या रोग्यांची कैफियत ज्याने मनावर घेतली आहे तो रंगाच्या उपचाराचे नाव निघताच सावध होतो, आणि तसे होणे योग्यच आहे.

परंतु या सावधपणाच्या भरात आपण सत्यालाही दाराबाहेर ठेवू नये. १९५६ साली इंग्लंडमधील एसेक्स परगण्याच्या एका रुग्णालयात सिस्टर वॉर्ड या परिचारिकेच्या ध्यानात आले, की उन्हात ठेवलेल्या कावीळग्रस्त अर्भकाचा पिवळेपणा ओसरला आहे आणि दुपट्याखाली झाकलेला भागच तेवढा पिवळा राहिला आहे. त्या एका निरीक्षणातून नवजात बालकांना निळ्या दिव्याखाली ठेवण्याची पद्धत निघाली. तिथे निळे किरण त्वचेतल्या पित्तरंजकाच्या रेणूची घडण पालटून त्याला शरीराबाहेर पडण्याजोगा करतात. रंग तोच, काचही जवळपास तीच. पण इथे कार्यकारणाचा दाखला हाती आहे, आणि प्लेझंटन वा घडियाली यांच्यापाशी तो नव्हता.

हिरव्या उजेडाच्या बाबतीत असा दाखला जमू लागला तो बॉस्टनमध्ये. डॉ. रामी बर्स्टीन आणि त्यांचे सहकारी यांनी ऐन अर्धशिशीच्या झटक्यात असलेल्या रोग्यांसमोर निरनिराळे रंग धरले. पांढरा, निळा, पिवळट आणि तांबडा प्रकाश वाढवीत नेला तसतसा बहुतेकांचा ठणका वाढला. हिरव्याने तो सर्वांत कमी वाढला, आणि मंद हिरव्या प्रकाशात तर सुमारे २० टक्क्यांनी उतरला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात दृष्टिपटलावरचे आणि मेंदूतले विद्युत्संकेतही मोजले गेले, आणि हिरव्या रंगाने उठणारे संकेत सर्वांत क्षीण निघाले.

यावरून हिरवा रंग कमी छळतो इतकेच सिद्ध होते. तो वेदना शमवितो काय, हा प्रश्न वेगळा आणि अधिक मोठा. त्याचा मागोवा अ‍ॅरिझोना विद्यापीठातील डॉ. मोहाब इब्राहिम यांनी घेतला. त्यांच्या भावाला डोकेदुखीचा विकार, आणि झाडांच्या सान्निध्यात जाऊन बसले की त्याला बरे वाटे. या घरगुती अनुभवापासून त्यांचे कुतूहल सुरू झाले. त्यांनी उंदरांना रोज आठ तास, असे पाच दिवस, हिरव्या दिव्यांच्या उजेडात ठेवले, तेव्हा त्यांची वेदना सोसण्याची शक्ती वाढली, आणि दिवे काढल्यानंतरही ती चार दिवस टिकली. मग त्यांनी जी तजवीज केली ती मला या साऱ्या प्रकरणातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. काही उंदरांच्या डोळ्यांवर अपारदर्शक भिंगे बसविली : हिरव्या उजेडात राहूनही त्यांना गुण आला नाही. उलट, ज्यांच्या डोळ्यांवर हिरवी भिंगे होती त्यांना खोलीतल्या साध्या उजेडातही तो आला. कातडीवर पडलेला प्रकाश इथे निरुपयोगी. वेदनेचा परिहार व्हायचा तर रंग दिसावा लागतो. शिवाय अफूवर्गीय औषधांचा प्रभाव तोडणारे नालोक्सोन दिले की हा गुण नाहीसा होई. म्हणजे दिसलेला रंग शरीराच्या स्वतःच्या वेदनाशामक द्रव्यांना जागे करीत होता. २०२२ मध्ये शांघायच्या फुदान विद्यापीठातील संशोधकांनी मूषकांमध्ये या वाटेचा पुढचा टप्पा दाखविला : दृष्टिपटलातील शंकुपेशींपासून निघून, मेंदूच्या मध्यभागातील एन्केफलिनयुक्त पेशींच्या एका पुंजक्यातून ती वेदनेचे नियमन करणाऱ्या केंद्राकडे जाते.

माणसांवरचा प्रयोग अद्याप लहान आहे. अर्धशिशीच्या २९ रुग्णांनी आधी दहा आठवडे पांढऱ्या आणि मध्ये खंड पाडून पुढे दहा आठवडे हिरव्या दिव्याजवळ, अंधाऱ्या खोलीत, रोज एक ते दोन तास काढले. दिव्याकडे टक लावायची नव्हती, पण डोळे उघडे ठेवायचे होते, वाचनही चाले. ज्यांचे दुखणे जुनाट होते त्यांचे महिन्यातले डोकेदुखीचे दिवस सरासरी २२.३ वरून ९.४ वर आले. या आकड्यांनी हुरळून जाण्यापूर्वी हे ध्यानात ठेवले पाहिजे, की कोणता दिवा लागला आहे हे रुग्णांना दिसत होते आणि हिरव्याची पाळी सर्वांना पांढऱ्यानंतरच आली. रंग दिसू न देता त्याची परीक्षा घेणे अशक्य, त्यामुळे श्रद्धेचा वाटा किती आणि रंगाचा किती, हा हिशेब करणे इथे फारच अवघड आहे. म्हणून चालू औषध बंद करून कोणी बाजारातला हिरवा बल्ब आणू नये, आणि नव्याने सुरू झालेली डोकेदुखी डॉक्टरांना दाखविल्यावाचून अंगावर काढू नये.

प्रयोगाची मुदत संपल्यावर दिवे परत करण्याची मुभा रुग्णांना होती. २९ पैकी २८ जणांनी दिवा आपल्यापाशीच ठेवून घेतला.