पट्टा कुरकुरतो, तेव्हा तेल नको!

पावसाळ्यातील उघडीप असते. पश्चिम द्रुतगती महामार्गावरून अंधेरीहून बोरिवलीकडे निघालेल्या मोटारसायकलच्या मागच्या चाकाकडून 'कुईकुई' असा आवाज येऊ लागतो. सर कोसळू लागली की तो थांबतो. रस्ता वाळला की पुन्हा सुरू होतो. हा लपंडावच निदानाची पहिली खूण आहे.

आपल्याकडील बहुतेक मोटारसायकली साखळीवर चालतात. हार्ले-डेव्हिडसनने १९८० साली 'स्टर्जिस' या मॉडेलवर दातेरी पट्टा वापरला आणि पुढे तो या कंपनीच्या गाड्यांची ओळख ठरला. भारतात या गाड्यांची विक्री २०१० पासून सुरू झाली. २०१८ मध्ये आलेल्या एथर ४५० या विजेवरील स्कूटरनेही पट्टाच स्वीकारला. रबर किंवा तत्सम पदार्थाच्या या पट्ट्यात अतिशय बळकट तंतू असतात. त्याला वंगण लागत नाही. मात्र साखळीला सरावलेला हात आवाज ऐकताच तेलाच्या डब्याकडे जातो आणि तेथेच चूक होते. तेलामुळे आवाज काही काळ दबतो, पण त्यावर धूळ चिकटते, पट्ट्याची झीज वाढते आणि मूळ दोष झाकला जातो.

निदानासाठी इंजिन बंद करून मागचे चाक स्टँडवर उचलावे. चाक हाताने फिरवताना बोटे पट्टा व पुली यांच्यापासून दूर ठेवावीत. पट्ट्याच्या कडांवर साध्या पाण्याचा हलका फवारा मारावा. आवाज थांबून थोड्या वेळाने परतला, तर तो पट्ट्याच्या घर्षणाचा आहे. काहीच फरक पडला नाही, तर बेअरिंग तपासावे. गाडी चालवताना ब्रेक किंचित दाबताच आवाज बदलला, तर संशय ब्रेक पॅडवर घ्यावा.

दोष पट्ट्याचाच असेल, तर प्रथम स्वच्छता करावी. मेट्रोच्या व रस्त्यांच्या कामांची धूळ पावसात चिखल होऊन दात्यांमध्ये बसते आणि वाळल्यावर कुरकुरते. सौम्य साबणाचे पाणी व मऊ ब्रश एवढे तिला पुरेसे असते. त्यानंतरही आवाज राहिला, तर पट्ट्याची एकच कड चकाकते आहे का, पुलीजवळ काळी भुकटी साचली आहे का, हे पाहावे. तसे असल्यास मागचे चाक तिरके बसले असून पट्टा पुलीच्या कडेला घासत आहे. टायर बदलल्यानंतर दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारखे न ठेवल्यास असे हमखास घडते.

शेवटी ताण मोजावा. पट्ट्याच्या मध्यावर ठरावीक, बहुधा साडेचार किलोचा, दाब देऊन तो किती लवतो हे मॅन्युअलमधील आकड्याशी पडताळावे. ढिला पट्टा दाते चुकवतो. अति ताणलेला पट्टा बेअरिंगवर भार टाकतो.

गिअरलेस स्कूटरचा पट्टा मात्र बंद पेटीत असतो. त्याची तपासणी मेकॅनिककडूनच करून घ्यावी.

आवाज क्षुल्लक वाटला, तरी घासून उसवलेला पट्टा भर वाहतुकीत तुटला, तर चाकाला मिळणारी शक्ती क्षणात थांबते. साखळीप्रमाणे कडी बदलून तो जोडता येत नाही. अनेक मॉडेलांत तर नवा पट्टा बसवण्यासाठी मागचा स्विंगआर्मच उतरवावा लागतो. त्या खर्चापेक्षा बाटलीभर पाणी आणि अर्ध्या तासाची तपासणी केव्हाही स्वस्त.