‘वय झालंय’ हे निदान नव्हे

घरातला कुत्रा दहा-अकरा वर्षांचा होतो, जिन्याच्या पहिल्या पायरीशी थबकू लागतो, आणि कुणीतरी म्हणतं, "वय झालंय आता त्याचं." मायेनं उच्चारलेल्या या वाक्यामुळे कितीतरी म्हातारे प्राणी विनाउपचार राहतात. म्हातारपण हा आजार नाही. पायरीशी थबकण्यामागे बहुतेकदा सांध्यांची झीज असते. ती दुखते, आणि त्या दुखण्यावर चांगले उपचार आहेत.

"पण तो विव्हळत नाही, म्हणजे दुखत नसणार," हा त्याच्याच जोडीचा गैरसमज. जुनाट दुखण्यात प्राणी सहसा ओरडत नाहीत, ते एकेक गोष्ट करायचं सोडून देतात. मांजरांत तर हे वर्षानुवर्षं ध्यानात येत नाही. अमेरिकेत बारा वर्षांवरच्या १०० मांजरांचे एक्स-रे तपासले गेले. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ९० मांजरांच्या सांध्यांत झीज आढळली. एक्स-रेत दिसणारी प्रत्येक झीज दुखतेच असं नाही. पण मांजर कपाटावर उडी मारेनासं झालं, कमरेकडचा भाग चाटेनासं होऊन तिथे केसांच्या गाठी झाल्या, ट्रेच्या कडेवरून आत जायचं टाळून बाहेरच शी करू लागलं, तर त्याला रागावण्याआधी त्याचे सांधे तपासून घ्या.

निदान झालं की पुढचा प्रश्न औषधाचा. "सांध्यांची पावडर सुरू केल्यापासून केवढा फरक पडलाय!" असं सांगणारा मालक खोटं बोलत नसतो. त्याला फरक खरंच दिसतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, संधिवातानं लंगडणाऱ्या पण औषध नसलेल्या नुसत्याच गोळ्या दिलेल्या कुत्र्यांना पायाचा जोर मोजणाऱ्या यंत्रावरून चालवलं होतं. यंत्राच्या लेखी सुधारणा शून्य असतानाही सुमारे ४० टक्के वेळा मालकांना कुत्रा सुधारलेला वाटला. पशुवैद्यांचीही जवळपास तितकीच फसगत झाली. माणूस खोटी गोळी घेतो तेव्हा निदान त्याचं त्याला तरी बरं वाटतं. इथे बरं वाटतं गोळी देणाऱ्याला, आणि कुत्र्याचं दुखणं तसंच राहतं. मला या विषयातली सर्वांत गंभीर गोष्ट हीच वाटते.

म्हणूनच खरं औषध कुणाला मिळालं हे मालक आणि डॉक्टर दोघांनाही माहीत नसलेल्या चाचण्या लागतात. सांध्यांच्या पावडरींतल्या ग्लुकोसामीन आणि कॉन्ड्रॉइटिन या लोकप्रिय जोडीला ही कसोटी पार करता आलेली नाही. कुत्र्या-मांजरांवरच्या अनेक चाचण्यांचा २०२२ साली एकत्र आढावा घेतला गेला, तेव्हा या जोडीनं वेदना कमी होत नसल्याचं दिसलं. मासळीच्या तेलातल्या ओमेगा-३चा मात्र उपयोग दिसला. याच पद्धतीची कसोटी पिमोबेंडान या हृदयाच्या औषधानं उत्तम पार केली. झडप गळू लागून हृदय मोठं झालेल्या, पण अजून कसलंही लक्षण नसलेल्या ३६० कुत्र्यांवर ते तपासलं गेलं. २०१६ साली आलेल्या निष्कर्षांनुसार, हृदय निकामी होण्याची किंवा हृदयविकारानं मृत्यू येण्याची वेळ त्यानं साधारण १५ महिन्यांनी लांबवली. "त्रास नाही तर औषध कशाला?" हे त्यामुळे नेहमीच खरं नसतं. अर्थात हृदयात मर्मर ऐकू आलेल्या प्रत्येक कुत्र्याला हे औषध नको. हृदय मोठं झालंय का, हे आधी तपासावं लागतं.

"म्हातारा झालाय, खाऊ दे मनासारखं." इथेही माया आड येते. एकाच वेतातल्या लॅब्रॅडॉर पिल्लांच्या जोड्या लावून ४८ कुत्र्यांवर जन्मभर चाललेला एक अभ्यास आहे. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाणं दिलं गेलं. कमी खाणाऱ्यांचं मध्यक आयुष्य १३ वर्षं निघालं, दुसऱ्यांचं ११.२, आणि संधिवाताच्या औषधाची गरजही कमी खाणाऱ्यांना उशिरा पडली. चहाबरोबरचं बिस्कीट आणि ताटातली तुपाची पोळी यांचा हिशोब इथे लागतो. मात्र वजन कमी करायचं म्हणून, किंवा किडनीच्या भीतीनं, अंडी-मांस सरसकट बंद करू नये. निरोगी म्हाताऱ्या कुत्र्याला प्रथिनं कमी पडली तर स्नायू झिजतात. मूत्रपिंडाचा आजार असेल तर वेगळा, फॉस्फरस कमी असलेला आहार लागतो, पण तो रक्त-लघवी तपासून ठरवायचा असतो.

किडलेले दात काढायचे म्हटलं की "या वयात भूल सोसणार नाही" असं ऐकू येतं. वयानं धोका वाढतो हे खरं, पण आजारानं तो कितीतरी जास्त वाढतो. ब्रिटनमधल्या एका मोठ्या पाहणीत भुलेशी संबंधित मृत्यूचं प्रमाण निरोगी कुत्र्यांत सुमारे २००० मागे १, तर आजारी कुत्र्यांत ७५ मागे १ होतं. त्यामुळे भूल देण्याआधी वयापेक्षा हृदय, यकृत आणि मूत्रपिंडं कशी आहेत हे विचारायला हवं.

आणि घरातल्या डब्यातली माणसांची गोळी कधीही देऊ नका. पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी मांजराचा जीव घेऊ शकते. आयबुप्रोफेननं कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. चुकून गोळी दिली गेलीच, तर लक्षणांची वाट न पाहता नाव आणि मात्रा सांगून लगेच डॉक्टर गाठा. पॅरासिटामॉलवर उतारा आहे, पण जितका लवकर मिळेल तितका तो उपयोगी पडतो.