घोंगडीची पाठशाळा

बीड जिल्ह्याच्या पश्चिमेस, अहिल्यानगरच्या शिवेला लागून, आष्टी तालुका बालाघाटाच्या माळरानावर पसरलेला आहे. आणि जेथे पर्जन्याचा भरवसा धरून शेतसारा भरणे निजामी अंमलातही दुष्कर होते, तेथे तुटपुंज्या चाऱ्यावर तग धरणाऱ्या दख्खनी मेंढीचा आधार मोठा ठरावा, यात नवल नाही. या मेंढीची लोकर जाड, केसाळ, बहुधा काळी. वर्षाकाठी ती जेमतेम अर्धा-पाऊण किलो मिळते. पण दख्खनच्या पठारावर या लोकरीच्या आश्रयाने जी विद्या वाढली, ती कोणत्याही कलाशाळेने हेवा करावा अशी आहे.

मेंढ्या धुवून कातरायच्या, कोकराच्या पहिल्या कातरणीचे मऊ जावळ निराळे राखायचे, लोकर पिंजून सूत कातायचे, हे काम धनगरांच्या घरचे, आणि त्यातही कताई बहुधा स्त्रियांकडे. पुढे ते सूत घोंगडी विणणाऱ्या सणगराच्या मागावर जाते. भिजवून वाटलेल्या चिंचोक्यांची शिजवलेली खळ ताण्यावर फिरवली, की सुताचे विस्कटलेले तंतू बसतात आणि धोट्याच्या घर्षणाने धागा तुटत नाही. खळ दाट झाली तर सूत ताठरते, पातळ राहिली तर तुटते. नेमकी कशी हवी, हे उस्ताद बोटाने पाहतो आणि शागीर्दाने त्याच्या शेजारी बसून, प्रथम केवळ कांड्या भरता भरता, ते हेरायचे असते.

शिकवणारा स्वतः मागावर बसणारा असावा, हा दस्तूर नागर कलावंतांनीही मान्य केला आहे. मुंबईच्या नेली सेठना (1932–1992) अमेरिकेतील क्रॅनब्रुक अकादमीत विणकाम शिकल्या, ते मारिआन स्ट्रेंगेल यांच्यासारख्या मागावरच्या कलावतीकडूनच. आणि चित्रकार प्रभाकर बरवे यांनी विणकर सेवा केंद्रात नोकरी केली, तिथे चित्रकार आणि विणकर यांचा नित्य सहवास होता. फरक इतकाच, की या कलावंतांस संस्थेचा आश्रय आणि नाव मिळाले. घोंगडीवर विणकराची सही नसते.

आज मात्र गिरणीच्या व कृत्रिम धाग्याच्या स्वस्त ब्लँकेटांपुढे घोंगडीची मागणी ओसरली आहे. मेंढी मांसासाठी पाळली जाते आणि कातरलेली लोकर अनेकदा कवडीमोलाने जाते किंवा फेकून दिली जाते. अशा वेळी प्रशिक्षणवर्ग भरवून प्रमाणपत्रे वाटणे सोपे. परंतु ज्या कसबावर संसार चालत नाही, ते कसब बाप मुलाला आग्रहाने शिकवीत नाही. म्हणून या विद्येची खरी शिष्यवृत्ती लोकरीला मिळणारा रास्त भाव हीच होय. तो मिळाला, तर शिकवण्यासाठी निराळी इमारत उभारण्याची गरज पडणार नाही.