‘आमच्यानंतर याचं कोण?’ : निवासी संस्थेत दिव्यांग तरुणाला कसं वाटतं, कायदा काय सांगतो?

सुरत : लिंबायत, उधना, डिंडोली भागांत खानदेशातून आलेली मराठी कुटुंबं मोठ्या संख्येने आहेत. ज्या घरात सेरेब्रल पाल्सी किंवा बहुदिव्यांगत्व असलेलं मूल आहे, तिथे ते १८ वर्षांचं झालं की अडचण सुरू होते. दिव्यांग मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क ६ ते १८ वयापर्यंतच आहे. शाळा सुटते, आई-बाप थकत जातात आणि निवासी संस्थेचा विषय निघतो.

तिथे करमत का नाही?

जेवण-औषध वेळेवर मिळूनही करमत नाही, कारण कधी उठायचं, काय खायचं, अंघोळ कोण घालणार, हे सगळं दुसरंच कोणी ठरवतं. पंचविशीतल्या पोराला म्हाताऱ्यांच्या सोबत ठेवलं तर बोलायला कोण? त्यात भाषेचा प्रश्न. घरी मराठी-अहिराणी ऐकून वाढलेला, मोजकेच शब्द बोलणारा मुलगा काय मागतोय हे गुजराती मदतनिसाला कळलं नाही, तर तो ‘हट्टी’ ठरतो. मात्र घरातल्या एका खोलीत दिवस काढणाऱ्याला चांगल्या संस्थेत मित्र आणि कामही मिळू शकतं.

कायदा काय म्हणतो?

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ च्या कलम ५ नुसार दिव्यांगांना समाजात राहण्याचा हक्क आहे. ठरावीक ठिकाणीच राहण्याची सक्ती होऊ नये आणि वय व लिंग लक्षात घेऊन घरी, संस्थेत किंवा वस्तीत मदत मिळावी, यासाठी सरकारने प्रयत्न करायचे आहेत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक व बहुदिव्यांगत्व असलेल्या प्रौढांसाठी राष्ट्रीय न्यासाची ‘घरौंदा’ योजना आहे.

पालकांनी काय करावं?

• संस्थेचं नोंदणी प्रमाणपत्र बघा. या कायद्याने नोंदणी बंधनकारक आहे.
• तिथे त्याच्या वयाचे किती जण आहेत, मराठी कोणाला समजतं, मुलींसाठी बाई मदतनीस आहे का, हे विचारा.
• न्यासाच्या कायद्यात येणाऱ्या या चार प्रकारांत १८ नंतर कायदेशीर पालकत्व हवं असेल, तर जिल्हाधिकारी पातळीवरील स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो.
• यूडीआयडी कार्ड देशभर चालतं. पेन्शन योजना मात्र राज्यागणिक वेगळ्या.

नाव घालण्याआधी मुलाला तिथे दिवसभर नेऊन आणा. बोलता येत नसलं, तरी आवडलं की नाही हे त्याच्या चेहऱ्यावरून घरच्यांना कळतं.