ऑर्किडच्या मुळांना लागलेली बुरशी

पावसाळा सरता सरता इंदूरच्या आमच्या ओसरीवरील ऑर्किडची पाने सुरकुतू लागली. रोपाला तहान लागली असावी, अशा समजुतीने आम्ही अधिक पाणी घातले. रोप अधिकच मलूल झाले. अखेर कुंडी उपडी केली, तेव्हा बहुतेक मुळे तपकिरी व पिळपिळीत झालेली दिसली. मुळेच कुजली असता पाणी पानांपर्यंत पोहोचावे कसे?

सह्याद्रीतील ‘सीतेची वेणी’ हे ऑर्किड वृक्षांच्या फांद्यांवर वाढते. त्याच्या मुळांवरील पांढरे, सच्छिद्र आवरण पावसाचे पाणी झटकन शोषून घेते व वाऱ्याने पुन्हा सुकते. असल्या मुळांना माळव्याच्या काळ्या मातीत पुरणे म्हणजे त्यांचा श्वास कोंडणे होय. हवा कोंडली, ओल साचली, की बुरशीचे फावते.

इंदूरकरांस ही गोष्ट अपरिचित नसावी. १९२४ ते १९३१ या काळात येथील वनस्पतिविषयक संशोधन संस्थेची धुरा वाहणारे आल्बर्ट हॉवर्ड यांनी मुळांना हवा मिळण्यावर मोठा भर दिला. त्यांनी व यशवंत वाड यांनी प्रसिद्धीस आणलेल्या कंपोस्ट खताच्या ‘इंदूर पद्धती’तही ढीग वरखाली करून त्यात हवा खेळती ठेवावी लागते.

उपाय सोपा आहे. रोप काढून मुळे स्वच्छ धुवावीत. ज्योतीवर तापवून निववलेल्या कात्रीने मऊ मुळे कापावीत. टणक मुळांना हात लावू नये. कापलेल्या जागीच दालचिनीची पूड लावावी. निरोगी मुळांवर ती पडल्यास मुळे सुकतात. रोप एक दिवस सावलीत ठेवून, भोके असलेल्या कुंडीत कोळशाचे व विटांचे तुकडे घालून लावावे. पुढे पाणी सकाळी, तेही कुंडी सुकू लागल्यावरच द्यावे. कुंडीखालील ताटलीत पाणी साचू देऊ नये.

मात्र प्रत्येक बुरशी वैरीण नव्हे. ऑर्किडचे बी धुळीसारखे सूक्ष्म असून त्यात अन्नाचा साठा जवळजवळ नसतो. निसर्गात बुरशीच्या साह्यावाचून ते रुजत नाही, हे नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये ओळखले. म्हणून कुंडीत पांढरे तंतू दिसताच औषधाकडे धावू नये. प्रथम मूळ चाचपून पाहावे.

आमच्या रोपाची तीनच मुळे वाचली होती. काही आठवड्यांनी त्यांतील एकास हिरवे टोक फुटले. अतिमायेने जे बिघडले, ते थोड्या संयमाने सावरले!