सूर चुकला तरी चालेल, पट्टा सुटू नये

मध्यमवर्गीय घरात वाद्य शिरते ते बहुधा पाडव्याच्या किंवा वाढदिवसाच्या मुहूर्तावर. एके काळी ती पेटी असे, नाही तर तबल्याची जोडी. हल्ली तिच्या जागी गिटार येते. वडील किंमत विचारतात, आई शिकवणीची फी विचारते आणि आजी ‘यावर भजन वाजेल ना रे?’ एवढेच विचारते. मात्र ही वस्तू गळ्यात अडकवायची कशी आणि अडकवल्यावर ती तिथे टिकेल कशावरून, हा प्रश्न कोणीच विचारीत नाही. नेमका तोच पुढे महागात पडतो.

मराठीच्या प्राध्यापकाने गिटारच्या पट्ट्यावर लिहावे, याचे वाचकांना नवल वाटेल. पण आमच्या महाविद्यालयाच्या स्नेहसंमेलनाची व्यवस्था गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. ज्ञानेश्वरी शिकवणाऱ्या माणसाच्या हाती ध्वनिक्षेपक आणि पडद्याची दोरी का द्यावी, हे प्राचार्यच जाणोत! पण त्यामुळे रंगमंचाच्या विंगेत उभे राहून मी बरेच काही पाहिले आहे.

तसे पाहिले तर आपली बहुतेक वाद्ये बैठकीची. सतार, तंबोरा, पेटी, तबला ही सारी मंडळी सतरंजीवर निवांत बसतात. पण उभ्याने वाजवण्याची परंपराही आपल्याकडे आहेच. दिंडीतला पखवाज गळ्यात असतो, मिरवणुकीतला ढोल कमरेला आवळलेला असतो. अखंड सप्ताहातली वीणा तर एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. तिने जमीन पाहायची नाही, असा दंडक. पहारा बदलताना मी पाहिले आहे, की वीणा घेणाऱ्याच्या खांद्यावर नीट बसेपर्यंत देणारा आपला हात काढीत नाही. ती काळजी गिटारच्या वाट्याला फारशी येत नाही.

गिटारच्या पट्ट्याची रचना अगदी साधी. वाद्याच्या बुडाला एक बटण आणि वरच्या बाजूला दुसरे. पट्ट्याच्या दोन्ही टोकांना काजे असते. गोल भोक आणि त्याला जोडून एक चीर. चिरीतून बटण आत घालायचे. वाद्याचे ओझे पट्ट्याला ताणून धरते, तोवर बटण भोकाच्या बाहेरच्या कडेला दाबून बसते. चीर असते आतल्या बाजूला, म्हणून बटण निसटत नाही. गंमत अशी, की पट्टा सुटतो तो ओझ्याने नव्हे, तर ओझे नाहीसे झाल्याने! वाजवणारा खाली वाकला, खुर्चीवर बसला किंवा वाद्य हाताने जरा वर उचलले, की पट्टा सैल पडतो, बटण चिरीकडे सरकते आणि पुन्हा उभे राहताच सुटते. पट्टा नवा असताना चामडे ताठ असते. वर्षा-दोन वर्षांत काजे ढिले होते आणि मग संकट ओढवते.

दोन वर्षांपूर्वीच्या संमेलनात हेच घडले. द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी गाण्याच्या मध्यंतरी जमिनीवरचे एक बटण फिरवायला वाकला आणि उठला. पट्ट्याचे वरचे टोक सुटले. त्याने झडप घातली, पण विद्युत गिटार म्हणजे सबंध लाकडी ठोकळा. वजन साधारण ३ ते ४ किलो. ती डोक्यावर आपटली. प्रेक्षागृहात हशा पिकला. विंगेत आलेल्या त्या मुलाच्या चेहऱ्यावर मात्र रक्ताचा थेंब नव्हता. ती गिटार त्याच्या थोरल्या बहिणीने आपल्या पहिल्या पगारातून घेतली होती आणि ती बहीण तिसऱ्या रांगेत बसली होती.

मोडली ती मान, तीही खुंट्यांच्या अगदी अलीकडे. पुढे दुरुस्तीला गेलो तेव्हा कारागिराने कारण सांगितले. बऱ्याच गिटारींचे डोके मागे कललेले असते. एका प्रसिद्ध अमेरिकन कंपनीच्या गिटारींत तो कोन १७ अंशांचा. सरळ लाकडातून असे डोके कापले, की त्या जागी लाकडाचे रेषे आडवे तुटतात. त्यातच मानेच्या आत लोखंडी सळईसाठी खाच असते. म्हणजे जिथे ताण सर्वांत अधिक, तिथेच लाकूड सर्वांत अशक्त. मात्र तडा स्वच्छ असेल तर चांगल्या सरसाने ती मान पुन्हा भक्कम जुळते. त्या मुलाची जुळली. सांधा दिसतो, पण सुरात दिसत नाही.

आता उपाय. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे रबराचा वायसर. पट्टा चढवल्यावर बटणाच्या डोक्यावरून तो ताणून बसवायचा, की पट्ट्याला बाहेर यायला वाट राहत नाही. पाश्चात्त्य वादकांनी यासाठी ग्रोल्श नावाच्या डच बीअरच्या बाटलीच्या झाकणाचे रबर वापरले आणि ते जगभर गाजले. वर्गात हा उपाय सांगण्याचे धाडस मी केलेले नाही. वाद्यांच्या दुकानांत तशीच तयार रबरे मिळतात, ती पालकांच्या दृष्टीने अधिक बरी.

दुसरा उपाय कुलपाचा. जर्मनीतल्या शालर कंपनीच्या कुलपाचा एक भाग वाद्यावर आणि दुसरा पट्ट्यावर बसतो. स्प्रिंगची खुंटी ओढल्याशिवाय ते सुटत नाही. पट्ट्याकडची चक्री मात्र हळूहळू ढिली होते, म्हणून अधूनमधून ती आवळावी. कुलपाबरोबरचा स्क्रू जुन्या भोकात डुगडुगला, तर जाड स्क्रू ठोकू नये. भोकात आगकाडीचे तुकडे सरस लावून भरावेत, वाळू द्यावेत आणि मग स्क्रू पिळावा.

साध्या, पोकळ गिटारीला पुष्कळदा बुडाशी एकच बटण असते. तेव्हा पट्ट्याचे दुसरे टोक नाडीने डोक्याशी, तारांच्या खालून बांधतात. ती गाठ दर वेळी ओढून पाहावी. बुडाचे बटण काही वाद्यांत नुसते खुंटीसारखे दाबून बसवलेले असते. ते हाताने हलते का, हेही पाहावे. विद्युत गिटारीची वायर पट्टा आणि वाद्य यांच्यामधून वळवून घ्यावी, म्हणजे तिच्यावर कोणाचा पाय पडला तरी धक्का पट्टा सोसतो.

आणि एक उपाय बिनपैशाचा. पट्टा गळ्यात घातल्यावर वाद्य सोडण्याआधी दोन्ही टोके एकदा ओढून पाहायची आणि वाकताना डावा हात मानेवरून काढायचा नाही. सप्ताहातला वीणेकरी हेच करतो.

त्या दुरुस्तीनंतर मी आमच्या संमेलनाच्या यादीत एक ओळ वाढवली आहे. ध्वनिक्षेपक, दिवे, हार, श्रीफळ यांच्याखाली आता ‘रबरी वायसर, एक डझन’ असे असते. हिशेब तपासणाऱ्या कारकुनाने पहिल्या वर्षी ‘कोणता नळ गळतो?’ असे विचारले. मी त्याला विंगेत नेऊन दाखवले. आता तो स्वतःच प्रत्येक वादकाची दोन्ही बटणे तपासतो आणि मगच त्याला रंगमंचावर सोडतो. या वर्षी तुमच्या घरी गिटार येणार असेल, तर खरेदीच्या यादीत तुम्हीही ही एक ओळ लिहून ठेवा. यादीतला सर्वांत कमी खर्च तोच असेल.