निळा चंद्र आणि तेरावा महिना

परळच्या मराठी शाळेतून मी अकरावीला कॉलेजात गेलो, तेव्हाची ही गोष्ट. प्रयोगशाळेत एका मुलाचे उत्तर अगदी अचूक आले. सर म्हणाले, असे ‘वन्स इन अ ब्लू मून’ घडते. मी वहीत लिहिले, ‘निळा चंद्र : प्रयोगाशी संबंध काय?’ शेजाऱ्याने ते वाचून सर्वांना दाखवले. हशा झाला. त्या सत्रात मी वर्गात पुन्हा एकही प्रश्न विचारला नाही.

अर्थ साधा होता : क्वचित, फार दिवसांनी. आपण मराठीत त्याला ‘कपिलाषष्ठीचा योग’ म्हणतो. मग ओळखीच्या शब्दांनी मला का चकवले? हायड्रोजन स्वतः जळतो, ऑक्सिजन जळायला मदत करतो. पण दोघांचे संयुग असलेले पाणी आग विझवते. वाक्प्रचार हेही शब्दांचे संयुगच असते. घटकांच्या अर्थांची बेरीज करून त्याचा अर्थ मिळत नाही.

पण चंद्र कधी खरोखरच निळा दिसतो का? होय! १८८३ साली इंडोनेशियातील क्राकाटोआ ज्वालामुखीचा स्फोट झाला, तेव्हा अनेक ठिकाणी तो निळसर दिसला. १९५० च्या सप्टेंबरात कॅनडातील वणव्यांचा धूर युरोपपर्यंत पोहोचला, तेव्हाही तसेच झाले. हवेतील कण साधारण एकाच आकाराचे आणि तांबड्या प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा किंचित मोठे असले, तर तांबडा प्रकाश अधिक विखुरला जातो. सरळ आपल्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशात निळ्याचे प्रमाण वाढते. असे कण क्वचितच जमतात.

या शब्दांना दुसराही अर्थ चिकटला आहे. एका इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा आल्या, तर दुसरीला ‘ब्लू मून’ म्हणतात. वाक्प्रचार जुना आहे, पण हा अर्थ १९४६ सालचा. ‘स्काय अँड टेलिस्कोप’ या अमेरिकन मासिकातील एका लेखकाने जुन्या पंचांगाचा नियम चुकीचा समजून घेतला आणि ती चूकच रूढ झाली. इंग्रजी मातृभाषा असणारेही चुकतात, ते असे!

आता थोडे गणित करू. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी २९.५३ दिवस लागतात. अशा बारा महिन्यांचे सुमारे ३५४ दिवस होतात. सौर वर्षापेक्षा ते जवळजवळ ११ दिवसांनी कमी आहेत. १९ वर्षांत इंग्रजी महिने येतात २२८, पौर्णिमा मात्र सुमारे २३५. जास्तीच्या सात पौर्णिमा कुठेतरी सामावल्याच पाहिजेत.

आपल्या पंचांगाने हाच फरक अधिक महिना घालून भरून काढला. १९ वर्षांत तेही सातच! २०२३ साली अधिक श्रावण होता. त्या वर्षी १ ऑगस्टला अधिक श्रावणातली पौर्णिमा आली आणि ३० ऑगस्टला नारळी पौर्णिमा.

आणि येथेच आपली म्हण भेटते : ‘दुष्काळात तेरावा महिना’. आधीच धान्य नाही, त्यात वर्षही महिन्याने लांबले. म्हणजे संकटात आणखी संकट. ज्याच्या भिंतीवर फक्त बारा महिन्यांचे कॅलेंडर आहे, असा एखादा इंग्रज मराठी शिकू लागला, तर या म्हणीपाशी तो माझ्यासारखाच अडेल. त्याला आपण निर्बुद्ध म्हणू का?

म्हणून नवा वाक्प्रचार भेटला की तीन गोष्टी करा. तो शब्दशः भाषांतरित करू नका. मागचे-पुढचे वाक्य वाचून अर्थाचा अंदाज बांधा आणि तो कोशात तपासा. मग त्यामागचा अनुभव शोधा आणि त्याला मराठीत जोडीदार मिळतो का, ते पाहा.

घरच्या ‘कालनिर्णय’मध्ये एकाच इंग्रजी महिन्यात दोन पौर्णिमा सापडतात का, तेही शोधा. आणि वर्गात कोणी ‘निळा चंद्र म्हणजे काय?’ असे विचारले, तर हसू नका. प्रश्न चांगला आहे.